कफीलची दुसरी रायफल

मंडळी, तासाभरापूर्वी रूमवर आलोय, पण मन थाऱ्यावर नाही.

आज आमचा कफील, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय मला कतारबाहेर पडता येत नाही तो मालक, मला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. महिनाभर तो परदेशात हरणांच्या शिकारीला गेला होता. रायफलीच्या झटक्याने खांदा काळानिळा झालाय, म्हणून आता दुसरी हवी. गावी रानडुकरांपासून शेत राखायला माझ्या बाबांकडे बंदूक आहे, हे मी त्याला कधीतरी सांगितलं होतं.

"बोल, कुठली घेऊ?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

मी बाबांचंच सांगितलं. हलक्या बंदुकीचा झटका जास्त बसतो, जड घ्या. घाबरून सैल धरू नका, दस्ता खांद्याला घट्ट दाबा.

त्याने तसं धरून पाहिलं आणि खूश झाला. "शुक्रन! बाबा बरे आहेत ना तुझे?"

बाबा गेले तेव्हा हा शिकारीवर होता. फोन लागला नाही, सही मिळाली नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

मी म्हणालो, "हो, बरे आहेत."

मी घाबरलो, की निदान एका माणसासाठी तरी बाबा जिवंत राहावेत असं वाटलं? तुम्ही काय म्हणाला असतात?