मागणीचा कोंबडा

माझी थोरली जाऊ अयामपोका. गिनी कोंबड्यांची भांडणं सोडवायला तिला आख्ख्या गावातून बोलावणी यायची. माणसांच्या भांडणात मात्र तिला कोणी कधी विचारलं नाही. विधवेला विचारतंय कोण?

गिनी कोंबडी दिसायला देखणी, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, पण स्वभावानं महाखट. पेरणीचे दिवस आले की नर चेकाळतात. पाठ कुबडी करायची, पंख वर उचलायचे आणि दुसऱ्याच्या मागे लागून त्याची पिसं उपटायची. पुढचा दमून पडला तरी सोडत नाहीत. एकानं सुरुवात केली की बाकीचेही हात धुऊन घेतात. त्यात कोणी नवा आला तर बघायलाच नको. बायका रडकुंडीला येऊन हिच्याकडे यायच्या. ही जायची, कमरेवर हात ठेवून त्यांच्या अंगणात उभी राहायची आणि फैलावर घ्यायची.

"अगं, माद्या मोजक्या आणि नर ढीगभर ठेवलेस, वर शांतता पाहिजे होय तुला? दोन ठेव, बाकीचे बोल्गाच्या बाजारात ने. दाणे एका जागी ओतू नकोस, कोपऱ्याकोपऱ्यांत टाक. आणि नव्याला आधी टोपलीखाली ठेव. जुन्यांना बघू दे, काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे. कंटाळले की सोड."

एवढं करूनही एखादं पाखरू रक्तबंबाळ व्हायचंच. आमच्यात बाई पाखरावर सुरी चालवत नाही, ते काम पुरुषाचं. आणि न कापता मेलेलं पाखरू कोणी खात नाही, कुत्र्यापुढे टाकतात. म्हणून वाचणार नाही असं दिसलं की अयामपोका ओरडायची, "अहो, कोणीतरी या, कापा लवकर!" जन्मभर ओरडत आली. तिचा आवाज पार बाजरीच्या शेतापलीकडे जायचा. घरातला जो पुरुष जवळ असेल तो सुरी घेऊन धावायचा.

तिला एकच लेक, तेनी. लग्नाला आली तशी बोंगो गावच्या अतिंगाची मागणी आली. अतिंगाचं सिमेंटचं दुकान, घरात आधीच दोन बायका. दुसरी गेल्या सुगीत माहेरी आली ती मोडका हात गळ्यात बांधून. नवऱ्याच्या घरात पाय घसरला म्हणे. घसरला! तेनीनं तोंडावर सांगितलं, "काकू, मी त्या माणसाकडे जाणार नाही. विहीर जवळ करीन."

पण अतिंगाच्या मध्यस्थानं रीतीप्रमाणे कोलाची फळं, तंबाखू आणि एक गिनी कोंबडा आणून आमच्या सासऱ्यांपुढे ठेवला होता. मागणीचा कोंबडा. तो कापला म्हणजे मुलगी दिली. जिवंत परत धाडला म्हणजे नाही. मामंजी म्हणाले, "पेरण्या उरकू द्या, मग सांगतो. तोवर पाखराला सांभाळा."

सांभाळायचं कोणी? अयामपोकानं.

आता माझं घर कसं आहे ते ऐका. आमचे हे, अकुरिगो, मयत भावाच्या जागी कर्ते. आमच्या मुलाला बायको आणायची तर तिच्या बापाला द्यायला गाई हव्यात, आणि त्या येणार तेनीच्या बदल्यात. यांच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस अतिंगाच्या गाई चरत होत्या. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या लेकीचा हात मोडून आपल्या लेकाचा संसार मांडता?" तर म्हणाले, "तू सून नको म्हणतेस का? मग घाल जन्मभर पाण्याच्या खेपा." मामंजींचा शब्द मात्र त्यांना मोडता येत नव्हता. मामंजी हो म्हणत नाहीत तोवर कोंबड्याला हात लावायची सोय नव्हती.

अयामपोकानं त्या कोंबड्याला जिवापाड जपलं. आमच्या कळपात एक म्होरक्या नर होता, दांडगा आणि दुष्ट. साप दिसला की सगळ्यात आधी तोच बोंब ठोकायचा, म्हणून तिनं त्याला ठेवलेला. तो दिवसभर टोपलीभोवती फिरायचा, काड्यांतून चोच घालायचा. ती काठी घेऊन बसायची. पुढं टोपलीतला कोंबडा सुकायला लागला. खाईना. टोपलीत मेला तर सोयऱ्यांचा अपमान. मग ती त्याला संध्याकाळी, बाकीचे झोपायला कडुनिंबावर चढायच्या वेळी, थोडा थोडा सोडायला लागली. काही झालं नाही. मग दिवसाही सोडला. म्होरक्यानं दोनदा हुसकलं, तिनं काठी आपटली, निभावलं. मला म्हणाली, "जमलं गं. मामंजींचा कल नाहीकडेच आहे. पेरणी झाली की धडधाकट परत पाठवीन. तेनी सुटली."

इतकी खुशीत मी तिला नवरा गेल्यापासून पाहिली नव्हती.

पेरण्या उरकल्या आणि मध्यस्थ उत्तर विचारायला आला. मामंजी निंबाखाली बसलेले. आमच्या ह्यांनी पाहुण्याला तुंबाभर पितो, आमच्याकडची ज्वारीची दारू, दिली, स्वतःही चार घोट जास्तच घेतले आणि तोऱ्यात म्हणाले, "बघा की, तुमचा कोंबडा कसा मजेत आहे आमच्याकडे!" आणि सूप उचलून सगळी बाजरी कोंबड्यापुढे ओतली. एका जागी. आख्खा कळप तुटून पडला.

मुद्दाम केलं की मूर्खपणानं, देव जाणे. माझा नवरा दोन्हींत पटाईत आहे.

अयामपोका मागच्या बाजूला शियाच्या बियांचं तूप कढवत होती. कालवा ऐकून धावत आली तोवर म्होरक्यानं कोंबड्याला भिंतीशी गाठलं होतं. बाकीचे वरून चोची मारत होते. तिनं काठीनं सगळ्यांना फोडून काढलं. खाली पाहते तर एक डोळा गेलेला, मान सोललेली, पाय झाडतोय. त्याचं ते घरघरणं मलाही ऐकवेना. आणि ती ओरडली. जन्मभर ओरडली तशीच.

"अहो, कोणीतरी या, कापा लवकर!"

आमचे हे काय, सुरी घेऊन तयारच. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत मान वेगळी झाली. अयामपोका ह्यांच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिली आणि मग तिला कळलं. तिनं तोंडावर हात दाबला.

मामंजींना नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "काय कापलं? कोणाच्या सांगण्यावरून?"

मध्यस्थानं तुंबा खाली ठेवला. "आमचा कोंबडा, बाबा. मुलीच्या आईनंच सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं."

"भावोजी, मी त्या अर्थानं नाही हो!" अयामपोका ह्यांचे पाय धरायला धावली. "तडफडत होता म्हणून तोंडातून निघालं. मामंजी, तुम्ही तरी सांगा!"

मीही लाज सोडून बोलले. "मामंजी, ही नेहमीच असं ओरडते. तुम्हाला ठाऊक आहे."

म्हाताऱ्यानं हातातल्या कोलाच्या फळाचा तुकडा तोडला. "मेला असता तर बदल्यात दुसरा जिवंत धाडला असता," तो म्हणाला. "नाही म्हणायला वाट होती. मरू द्यायचा होता, पोरी. आता कापला गेला."

"देवाघरचा निर्णय झाला म्हणायचा," आमचे हे म्हणाले. देवाचं नाव घ्यायला यांची जीभ कशी झडली नाही!

पाखरू मलाच शिजवावं लागलं. पुरुषांनी खाल्लं, मध्यस्थानं बोटं चाटली. त्या दिवशी मी नवऱ्याला जे बोलायचं ते सगळं बोलले. त्यानं काय झालं? काही नाही. गाई आल्या, दावणीला उभ्या राहिल्या. आता त्यांच्यावर माझ्याच घरात सून येणार. ती पाणी भरील आणि मी तिच्याकडे कोणत्या तोंडानं बघू ते मला कळत नाही.

तेनी विहिरीत गेली नाही. पोरी बोलतात तसं करतात थोडंच. अतिंगाच्या घरच्या बायका न्यायला आल्या तेव्हा ती पेटी डोक्यावर घेऊन मुकाट्यानं निघाली. अयामपोका अंगणाच्या तोंडापर्यंत तिच्या मागे मागे गेली आणि तिनं लेकीचा पदर धरला.

"तेनी, माझ्या बाळा, असं नको जाऊस. बोल काहीतरी. मला त्याचे हाल बघवले नाहीत गं."

तेनीनं पेटी सावरली आणि पदर हळूच सोडवून घेतला.

"त्या कोंबड्याचे बघवले नाहीत," ती म्हणाली. "माझे आता बघशील."