सुशीबरोबर काय घेणार?

कुठल्याही हॉटेलात तीन माणसं थोडी टिकली की किस्से आपोआप साठायला लागतात. आमच्याकडे तर गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त! दुपारी टेबलं रिकामी असली की आम्ही तिघं तेच उगाळत बसतो आणि पुन्हा तितकंच हसतो.

आम्ही तिघं म्हणजे निलेशदादा, सिद्धू आणि मी. दादा मालवणचा, राहतो चारकोपला. क्रूझच्या किचनमध्ये सुशी, म्हणजे भातावर कच्चा मासा, करायला शिकला आणि परत येऊन अंधेरीच्या एका गल्लीत स्वतःचं छोटं जपानी हॉटेल टाकलं. मालकही तोच, शेफही तोच. सिद्धू टेबलं सांभाळतो. आणि मी श्वेता, मुलुंडची, वाइनचा कोर्स केलेली. कुठल्या सुशीबरोबर काय प्यायचं, हे सांगणं माझं काम. सोपं वाटतं ना? ऐका मग!

*

हॉटेल उघडलं त्याच आठवड्यात घाटकोपरचे एक काका-काकू आले. दोघांचीही पहिलीच सुशी. ताटलीच्या कोपऱ्यात वसाबीचा हिरवा गोळा होता. वसाबी म्हणजे नाकात जाणारी जहाल चटणी, अगदी कणभर घ्यायची असते.

मी नुसती उत्साहात! वाइनची बाटली हातात घेऊन धावत गेले. तेवढ्यात काकांनी "कोथिंबिरीची चटणी दिसतेय" म्हणत अख्खा गोळा तोंडात टाकला.

माझं लक्षच नव्हतं. मी आपली विचारतेय, "सर, तुमच्या रोलबरोबर व्हाइट मस्त जाईल. ड्राय देऊ का?"

काकांचे कान लालभडक, डोळ्यांतून धारा. टेबलावर हात आपटून ओरडले, "ड्राय नको! ओलं दे! काहीही ओलं दे!"

*

रेड वाइनवरून दादाचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"लोक रेड मागतात, रेड ठेवायचीच," दादाचा हट्ट.

"दादा, माशाबरोबर नाही रे जात. तोंडात लोखंडासारखी चव येते."

"काहीतरीच! क्रूझवर बिनधास्त प्यायचे सगळे."

"मग घे ना तू! आत्ता घे!"

त्याने तावातावाने बांगड्याची सुशी बनवली, तोंडात टाकली आणि वर चांगला मोठा घोट घेतला. मग ग्लास लांब सरकवला. मी आणि सिद्धू त्याच्या तोंडाकडे बघतोय.

"श्वेता," दादा हळूच म्हणाला, "शटरचं कुलूप चाटल्यासारखं वाटतंय गं."

सिद्धूने एकदम सीरियसली विचारलं, "दादा, तुम्ही ते कधी चाटलंत?"

त्याच दुपारी आम्ही तळलेल्या कोळंबीच्या रोलबरोबर नाशिकची थंडगार स्पार्कलिंग वाइन घेऊन बघितली. आई शप्पथ! कोळंबी कुरकुरीत, वरून ते बुडबुडे! तिघंही एकदम "झकास!" म्हणून ओरडलो. दादा तर सुरी ठेवून नाचायलाच लागला.

*

एकदा वाइनमधला एक जाणकार आला. निदान तो तरी स्वतःला तसं समजत होता. ग्लास गोल गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"अहाहा! लेदर! मला लेदरचा सुगंध येतोय!"

शेजारी उभा असलेला सिद्धू घाईघाईने दोन पावलं मागे सरकला. "सॉरी सर, बूट नवीन आहेत."

*

सोलकढी का ठेवत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. ठेवणार होतो! दादाच्या आईने स्वतः करून आणली. पण तोंडात सोया सॉसवर नारळाचं दूध पडलं आणि चवीची पार वाट लागली.

त्या दिवशी आई पहिल्यांदाच लेकाच्या हॉटेलात आली होती. दादा इतका खूश! सगळ्यात भारी रावस काढला, पातळ पातळ काप केले, फुलासारखे मांडले आणि छाती फुगवून तिच्यासमोर ठेवले.

आईने त्या कच्च्या माशाकडे बघितलं. मग लेकाकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन काळजीने विचारलं, "गो बाय, गॅस संपलो काय?"

मी काही बोलायच्या आत ती ताटली उचलून उभी राहिली. "दी हकडे. घराक नेऊन तळून हाडतंय!"

*

आता एक शेवटचा.

सांताक्रूझचा मुलगा, बोरिवलीची मुलगी, बघण्याचा कार्यक्रम आणि तो चक्क आमच्याकडे! मुलगी आईवडिलांबरोबर, मुलगा आईबरोबर. मुलाची आई एकदम कडक. बसताबसताच म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही हं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

थोड्या वेळाने मुलगी हात धुवायच्या निमित्ताने माझ्याकडे आली. "ताई, टेन्शनने घसा सुकलाय. ती जपानी दारू, साके, पाण्यासारखीच दिसते ना? पाण्याच्या ग्लासात द्याल? प्लीज!"

ती गेली आणि पाठोपाठ मुलगा. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, साके. पाण्याच्या ग्लासात. आईला कळता कामा नये."

मला हसू आवरेना! एकमेकांना पत्ता नाही आणि दोघांची ऑर्डर सेम! थंड साके दोन ग्लासांत ओतली. तेवढ्यात मुलाच्या आईने टेबलावरून हाक मारली, "एक साधं पाणी!"

ट्रेमध्ये तीन ग्लास. सिद्धूला बजावलं, "उजवीकडचं पाणी, बाकी दोन साके." तो निघाला. टेबलाशी पोचला आणि वाटेत खुर्ची होती म्हणून ट्रे फिरवून दुसऱ्या बाजूने गेला.

म्हणजे उजवीकडचं पाणी आता डावीकडे!

मुलाने घोट घेतला, चेहरा शांत. मुलीने घेतला आणि चमकून माझ्याकडे बघितलं. तिच्या ग्लासात पाणी होतं!

मुलाच्या आईंनी सुशीचा तुकडा खाल्ला. ग्लास उचलला. एक घोट. थांबल्या. ग्लासात बघितलं. मी काउंटरला घट्ट धरून उभी. दादाची सुरी हवेत थांबलेली. आता टेबल उलटणार, लग्न मोडणार, आमचं नाव जाणार!

आईंनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ग्लास रिकामा करून हळूच खाली ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि सिद्धूला बोट करून बोलावलं.

"पाणी छान आहे हो तुमच्याकडचं," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेलाही हेच द्या."