कढत खीर घेऊन भाजे ते बेडसे

वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे तळेगाव स्टेशनवर लोणावळ्याची गाडी पकडली तेव्हा माझ्या पाठीवर पाच लिटर कढत खीर होती. होय, कढत. मे महिन्यात. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, गाडीतल्या बायकांनीही तेच केलं. गरम अन्न गरम राहावं म्हणून मिळतो तो दुहेरी स्टीलचा कॅन, त्याला गुंडाळलेली गोधडी, वरून सुतळी, आणि हे सगळं माझ्या सॅकमध्ये कोंबलेलं. पाठ शेकून निघत होती.

आमची वस्ती सुदुंबऱ्याची. सासूबाईंच्या काळी घरोघरी गाड्या नव्हत्या. बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या बाया मळवलीला उतरायच्या, भाज्याची लेणी करायच्या आणि डोंगराच्या धारेने चालत बेडशाच्या लेण्यांना पोचायच्या. खिरीचं पातेलं आळीपाळीने डोक्यावर. आता सगळे कामशेतवरून टेम्पोने थेट बेडशाच्या पायथ्याशी येतात, पण खीर चालतच यायची, एवढा रिवाज मात्र राहिला.

आणि गेल्या वर्षी ती माझ्या हातून नासली. साठ माणसं वाट्या घेऊन बसलेली, मी झाकण काढलं, आणि आंबूस वास सुटला. लोकांनी रिकाम्या वाट्या पिशव्यांत परत ठेवल्या, ते जास्त लागलं. माझी थोरली जाऊ सुनंदाताई आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. यंदाच्या बैठकीत तिने सरळ सांगितलं, "मंगल, या वर्षी शेवटचं. परत नासली तर पुढच्या वर्षापासून टेम्पोतून आईस्क्रीमचे कप. उन्हातानात चालणं बंद." गेल्या वर्षी आम्ही नऊ जणी चाललो होतो. यंदा उरल्या तीन. मी, सत्तरीला टेकलेल्या शेवंतामावशी, आणि आईचा विरोध मोडून आलेली सुनंदाताईचीच मुलगी रेश्मा.

मी बावीस वर्षं चाकणच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे. तिथे नव्या पोरींना पहिल्या दिवशी मीच बजावते, अन्न एक तर वाफाळतं ठेवा, नाही तर पार थंडगार. मधलं कोमट राहिलं की ते नासलंच. आणि हीच शहाणी बाई गेल्या वर्षी फ्रिजमधली खीर साध्या डब्यातून उन्हात घेऊन निघाली! गार नेली म्हणजे टिकेल असं वाटलं. वाटेतल्या लोहगडाच्या खिंडीत पोचेस्तोवर ती कोमट झाली असणार. यंदा कॅनमध्ये आधी उकळतं पाणी भरून ठेवलं, ते ओतून रटरटती खीर काठोकाठ भरली आणि झाकण आवळलं. आता ते बेडशातच उघडायचं. मध्ये कुणी कितीही गयावया केली तरी नाही.

मळवलीला उतरलो तेव्हा लोहगडाच्या अंगाला चंद्र मावळत होता. भाज्याच्या पायऱ्या चढून चैत्यगृहात गेलो, त्रिशरण-पंचशील म्हटलं. आत अजून गारवा होता. मावशी खांबाला हात लावून म्हणाल्या, "हितंच बसावं वाटतंय बघ." पण ऊन काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं, म्हणून त्यांना उठवलं.

खिंडीच्या चढाला लागण्याआधी मी दोघींच्या पिशव्या तपासल्या. सवयच आहे ती, जात नाही. त्या धारेवर उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पाणी माणशी तीन लिटर, कारण वर एकही विहीर नाही. लिंबं, मीठ, साखर. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला ओढणी किंवा उपरणं, जाड तळव्यांचे बूट, कारण नवानंतर कातळ (उघडा दगड) तव्यासारखा तापतो. छत्री न्यावी, कोण हसतं ते बघू नये. खायला भाकरी, सुकी चटणी, कांदा. केळी अजिबात नेऊ नयेत, त्यांचं काय होतं ते मावशींच्या पिशवीत पाहिलं. रेश्माच्या सॅकमधून निघालं सनस्क्रीन, दोन पॉवरबँक, गॉगल, दुसरा गॉगल.

"पाणी कुठंय गं?" मी विचारलं.

"आहे ना काकू, खाली चार बाटल्या. फ्रीजरला लावल्या होत्या, मस्त गार राहतील." टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. मी वजन बघितलं आणि पुढे झाले. तिथेच उघडून बघायला हवं होतं, ते माझं चुकलं.

लोहगड-विसापूरच्या मधल्या खिंडीत आठाच्या आत पोचलो. उजवीकडे खाली पवनेचं पाणी दिसलं, उन्हाळ्याने आटलेलं, काठाला लाल मातीची रुंद पट्टी. त्यापलीकडे तुंग आणि तिकोना. विसापूरच्या पोटातून आडवी वाट काढत आम्ही पूर्वेला वळलो आणि ऊन थेट तोंडावर आलं. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर पिकल्या होत्या. मावशींनी पदर भरला, आम्ही दोघींनी तोंडं रंगवली. तोवर सगळं झकास चाललं होतं.

मग वणवा लागून गेलेला उतार आला. गवत जळून अख्खा डोंगर काळा पडला होता आणि वाट त्यात पुसली गेली होती. पाऊल टाकलं की राख उडायची, खालून धग यायची. मी म्हटलं, "मला पाठ आहे, या माझ्यामागून," आणि छातीठोकपणे दोघींना एका घळीत (पावसाळी ओढ्याच्या खोल चरात) उतरवलं. खाली जाऊन बघते तर पुढे सरळ कडा! परत वर चढून येण्यात पाऊण तास गेला. वर आल्यावर मावशी मटकन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, बोलणं अडखळत.

"रेश्मा, पाणी काढ!" माझ्या आणि मावशींच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तिने बाटली उपडी केली, तर दोन घोट गळले आणि आत बर्फाचा दगड खळ्ळकन वाजला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. पोरगी रडायला लागली. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरं सांगते, आणि लगेच माझीच लाज वाटली, कारण घळीत मी नेलं होतं.

छत्री उघडून मावशींवर धरली. एक गोठलेली बाटली ओढणीत गुंडाळून त्यांच्या मानेला लावली, दुसरी काखेत. उरलेल्या दोन रेश्माने तापल्या कातळावर ठेवल्या आणि थेंब थेंब सुटणारं पाणी मावशींच्या बाटलीत गोळा करू लागली. त्यात लिंबू, मीठ, साखर घालून मी चमच्याने पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत मावशींच्या गालावर रंग आला. "मेले न्हाई मी, रडू नगंस," त्या रेश्माला म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पण त्यांचं पुढचं बोलणं मला हलवून गेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मंगल, जरा झाकण उघड. वास घिऊन बघू. नासली आसंल तर हितंच वतून टाकू. तितं समद्यांम्होरं परत तुजी इज्जत जायाला नगं." माया होती त्यात. माझा हात सुतळीच्या गाठीवर गेलासुद्धा. उशीर झाला होता, मी दोनदा घसरले होते, कॅन दगडावर आपटला होता. आत काय झालं असेल कुणास ठाऊक! आणि उघडलं तर चांगली असलेली खीरही निवणार.

"नाही मावशी," मी म्हटलं. "नासली असली तर मी तिथंच ओतीन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत." आणि सुतळीला आणखी एक गाठ मारली.

तेवढ्यात वरच्या बाजूने गुरं राखणारे एक आबा आले. डोक्याला पटका, खांद्यावर कांबळं, अंगावर घामाचा थेंब नाही. "कुटं निगालाव एवढ्या उन्हाचं?"

"बेडशाला, आबा. वाट चुकलो."

"व्हय, ह्या वणव्यानं समद्यांनाच चकवलंय. आन पाटीवर काय? ल्येकरू हाय का काय गोधडीत?"

"खीर आहे. कढत."

आबांनी वाकून गोधडी न्याहाळली. मग असे हसले की त्यांची म्हैससुद्धा दचकली. "लय येडी मानसं बाबा तुमी!" पण आपल्या कॅनमधलं सगळं पाणी त्यांनी आमच्या बाटल्यांत ओतलं. मी नको म्हणत होते. "माजं घर ह्या अंगाला खाली हाय, मी तासाभरात जाईन. तुमाला लांब जायचंय." मग धारेपर्यंत पुढे चालून बोट दाखवलं. "ते नाकाडावानी म्होरं आलेलं टोक दिसतंय ना, त्याच्या डाव्या अंगानं उतरा. उजवीकडं बिलकुल जाऊ नगा."

धार तासभर चालली असेल. सावली म्हणजे आमची ती एक छत्री, तीही मावशींवर. रेश्माने दुसरा गॉगल मला लावला. आरशात बघितलं नाही ते बरंच झालं. कॅनचा भार तिने मागितला, मी दिला नाही, दुसऱ्यांदा मागितला तेव्हा मुकाट्याने दिला. शेवटचा उतार घसाऱ्याचा (सुट्या खड्यांचा) होता, तो आम्ही बसून उतरलो.

बेडशाच्या पायऱ्यांपाशी बारा वाजून गेले होते. वंदना आटोपून मंडळी खाली आंब्याच्या झाडाखाली बसली होती. लेण्यात खाणंपिणं करायचं नाही, म्हणून वाटप नेहमी खालीच. "जय भीम, जय भीम" झालं, पण सगळ्यांचे डोळे गोधडीवर. सुनंदाताईने आधी रेश्माला पोटाशी धरलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उघड."

सुतळीची गाठ सुटेना. दातांनी सोडवली. झाकण फिरवलं आणि भसकन वाफ आली माझ्या तोंडावर, वेलची-जायफळाच्या वासाची! मी चमचाभर तोंडात टाकली आणि जीभ अशी पोळली म्हणून सांगू! तरी ओरडले, "चांगली आहे! चांगली आहे गं!" आणि मग मला रडू आलं, ते काही मी लपवलं नाही. मे महिन्याच्या भर दुपारी साठ माणसं वाटीत फुंकर मारत खीर खात होती. शेवंतामावशी आल्यागेल्याला सांगत होत्या, "मानंला बर्फ आन पोटात आग, आशी आले बाई मी."

सुनंदाताईने वाटी संपवली, चाटून संपवली, आणि पुन्हा पुढे केली. मी मुद्दाम विचारलं, "मग? आईस्क्रीमचं काय ठरलं?"

"गप गं. वाढ आधी," ती म्हणाली.

परतीला टेम्पोत बसलो. पाय सुजलेले, जीभ सोललेली, आणि इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डोंगरात न्यायच्या सामानाची यादी कितीही नीट करा, माणूस कुठे चुकेल ते काही कळत नाही. मी वाट चुकले, पोरीने पाणी गोठवलं, तरी पोचलो, कारण एकमेकींना टाकून कुणी पुढे गेली नाही आणि एका अनोळखी माणसाने आपलं पाणी आम्हाला दिलं. दरवर्षी चालत यायचं ते यासाठीच असावं, असं मला आता वाटतं.

कामशेत येईपर्यंत मागे पुढच्या वर्षी चालणाऱ्यांची नावं घेणं सुरू झालं होतं. रेश्मा मोबाइलवर लिहीत होती. सुदुंबऱ्याला उतरलो तेव्हा यादी एकवीसवर गेली होती. मी वाकून बघितलं. सगळ्यात वरचं नाव तिच्या आईचं होतं.