सगळ्यांत मागं आप्पा

घाटनांदूरहून फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत मोर्चाची पत्रकं वाटत होतो. आप्पांची मुलगी रेणुका बोलत होती. "आप्पा गेले." मी पहिल्यांदा काय विचारलं? "कुठं? डोंगरावर?" "न्हाई रे. दुकानात, चहा पिता पिता. आई शेजारीच होती." मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो... खरं सांगतो, रडू यायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. कुणाला हे विचित्र वाटेल. वाटू द्या.

आमच्या रविवारच्या डोंगरपळाईत शिवलिंगआप्पा कायम शेवटी असायचे. दम नव्हता म्हणून नव्हे. साठी ओलांडलेला हा किराणा दुकानदार मनात आणलं तर चढावर रेणुकासकट आम्हा पोरापोरींना सहज मागं टाकायचा. पण कुणी वाट चुकू नये, पाय मुरगळून खडकात एकटं बसू नये, म्हणून शेवटची जागा त्यांनी हट्टानं धरली होती. गळ्यात लिंगायतांची इष्टलिंगाची पेटी, छातीवर आपटू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधलेली, आणि शेजारी एक केशरी शिट्टी. वळणावर आम्ही दिसेनासे झालो की मागून दोनदा वाजायची. म्हणजे सगळं ठीक. पण शेवटच्या माणसाच्या मागं कोण असतं? कोणीच नाही. एखाद्या रविवारी ती शिट्टी वाजलीच नाही तर, या धास्तीनं मी कान मागं ठेवूनच पळायचो.

ओळख झाली ती भांडणातून. खडी क्रशरवाले डोंगर पोखरत होते आणि मी 'डोंगर वाचवा'ची पत्रकं घेऊन दुकानात शिरलो. आप्पांनी चष्मा चढवून पत्रक अख्खं वाचलं. "लई तिखट लिवलंय. ज्याच्यासाठी वरडतो त्याच्यावर चढलास का बे कधी?" पुढच्या रविवारी चढलो. परगावाहून मागवलेली पळताना ताकद यावी म्हणून घ्यायची महागडी गोड चिकट पुडी खाल्ली आणि अर्ध्या चढावर ओकलो. आप्पांनी खिशातून गोळी काढली. चिंच, गूळ, मीठ. "चघळ. आन् भाषण खालीच ठिवून येत जा, वजन हुतं."

एकदा त्यांना सह्याद्रीतल्या शर्यतीला नेलं. तळव्याला जाड खाचा असलेले नवे बूट त्यांनी त्यासाठीच घेतले होते. सुरुवातीलाच माइकवाला म्हणाला, "काका, गळ्यातला तो डबा काढून ठेवा." डबा! मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी माझा दंड धरला, "गप बे," आणि पट्टी आणखी घट्ट केली. वाटेत एका अनोळखी माणसाचा गुडघा आखडला. आप्पा त्याच्यासोबत चालत आले आणि शर्यत संपवायची मुदत टळली. पदक नाही. मी आयोजकांशी तावातावानं भांडत होतो. आप्पा उताराकडं बघत विचारत होते, "समदे आले का?"

ते गेले आणि गावाला तोंड फुटलं. पळून पळून मेला! या वयात काय ही थेरं! अरे, हृदयाचं दुखणं त्यांना आधीपासून होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून तर ते डोंगराला लागले. हे माहीत असलेली माणसंही माना डोलवत होती. मग भावकीनं फर्मान काढलं. रेणुकानं आता डोंगरावर जायचं नाही, आणि हे पळणं बंद. पोरींचे बाप घाबरले. दोन रविवार पायथ्याला कुणी फिरकलं नाही. मी कडक पत्रक लिहून दुकानात गेलो. गल्ल्यावर कमलकाकू होत्या, आप्पांच्या पत्नी. चिंचेच्या गोळ्या वळत होत्या.

"कावून बंद करायचं?" त्यांनीच विचारलं.

"लोक म्हणतात..."

"शेजारी मी बसले होते, लोक न्हाई. सकाळी पळून आले, आंघूळ केली, पूजा केली, चहा मागितला. हसत होते. तुझ्याच चढावरच्या ओकण्याची नक्कल चाललेली." त्या हसल्या, पदर डोळ्यांना लावला. "असं मरण मागून मिळत न्हाई. रविवारी जा समदे. रेणुका मागं राहील."

"पण काकू, तिच्या मागं कोण?"

"मी. पायथ्याला बसते. ती उतरल्याबिगर हलनार न्हाई. भावकीला म्हनावं, या, शेजारी बसा."

पत्रक खिशातच राहिलं.

रविवारी रेणुकाच्या गळ्यात केशरी शिट्टी होती. समाधी देताना लिंग आप्पांसोबत गेलं, शिट्टी तिनं काढून ठेवली होती. खाली दगडावर काकू, मांडीवर गोळ्यांचा डबा. आम्ही निघालो. वळण आलं. मी कान मागं ठेवून पळत राहिलो... नुसता वारा. आणि मग मागून दोनदा शिट्टी. फुंक जरा कच्ची होती, पण दोनदा.

मी वळून पाहिलं नाही. चिंचेची गोळी गालात सरकवली आणि चढ घेतला.