न मोजलेले अठरा

इंटर्न असताना माझ्या सगळ्या पेशंटांचे श्वास मिनिटाला अठरा असत. तरुण, म्हातारे, इतकंच काय दमेकरीसुद्धा. नाडी मी बघायचो, बीपी घ्यायचो, पण मिनिटभर कुणाच्या पोटाकडे टक लावून कोण बसणार? आम्ही सगळेच अठरा लिहायचो आणि पुढच्या खाटेकडे वळायचो.

त्या वर्षी दुष्काळ होता. केजकडे आमच्या गावात टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा, आणि इकडे अंबाजोगाईला वॉर्डात जो येईल त्याला ऊन लागलेलं असायचं. म्हणजे आम्हा इंटर्नच्या मते.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, आणि एका दुपारी एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेला ताप होता, बीपी पडलेलं होतं. हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची.

"सायेब, लई धापा टाकायलीय ही," सासू म्हणाली. "कालधरनं लघवीला बी गेली न्हाई."

"मावशी, गावात पाणीच न्हाई, तर लघवी कुठून येणार?" मी म्हणालो आणि स्वतःच्या विनोदावर खूश झालो. आज ते आठवलं की लाज वाटते.

कागदावर मी लिहिलं: उष्माघात. श्वास अठरा. ग्लानी आहे, म्हणून डोक्याचा सीटी. सीटीचा फॉर्म तर माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात भरला, कारण सीटी लिहिला की आपण मोठे डॉक्टर झालो असं वाटायचं.

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं आणि समोरून मेडिसिनच्या मॅडम आल्या. त्या कधी ओरडत नसत, म्हणूनच आम्ही त्यांना टरकून असायचो. त्यांनी कागद वाचला.

"अठरा? घड्याळ बघ आणि मोज."

मी मोजले. चौतीस भरले.

"आता हिचे पाय दाखव."

पाय मी पाहिलेच नव्हते. चादर काढली, तर डाव्या तळव्याला हळद भरलेली चिंधी. उसाचा बुडखा घुसला होता आणि पट्टा पडेपर्यंत ती तशीच मोळ्या वाहत होती. चिंधीखाली पू होता, लाली नडगीपर्यंत चढली होती.

"हा सेप्सिस आहे, पायातलं इन्फेक्शन अंगभर भिनलंय," मॅडम म्हणाल्या. "ताप, धाप, ग्लानी, लघवी बंद. अर्धं निदान मावशींनी तुला दारातच सांगितलं होतं. पू कुठे आहे ते सापडत नसतं, पोटात असल्याची शंका असती, तर सीटी मीच लिहिला असता. तोही सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर. तुझ्या सीटीच्या खोलीतच ही गेली असती, बाळा."

'गेली असती' हे शब्द माझ्या छातीत रुतले. रक्ताचा नमुना घेतला, सलाईन धावू लागलं, अँटिबायोटिक गेलं, सर्जन येऊन पू काढून गेले. मला शिक्षा एकच: खाटेशेजारी स्टूल टाकून दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायचे. शेजारी सासू बसली. मी घड्याळ बघायचो, ती बोटांची पेरं मोजायची. मोळ्या मोजण्यात उभा जन्म गेलेली बाई. माझा आकडा चुकला की "आणिक एक हाय" म्हणायची. बत्तीस. तीस. संध्याकाळी सव्वीस झाले, नळीच्या पिशवीत लघवी उतरली आणि सुनेनं स्वतःहून पाणी मागितलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो.

काही दिवसांनी, सुनेला घरी सोडायच्या सकाळी मी पुन्हा मोजले आणि कागदावर लिहिलं: अठरा.

राउंडला आलेल्या मॅडमनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार, तोच सासू पुढे झाली.

"मोजलेत बाई त्येनी. मी बी मोजलेत. अठराच हायेत."