पिसांची गोधडी

नीलाबाईला हलक्या वस्तूचा मनस्वी राग. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी तळहातावर दोनदा वरखाली करायची आणि मगच तिच्याकडे नीट बघायची. यात कुणी हसायचं काम नाही. ज्या बाईला जन्मभर मापात मारलं, तिला ही सवय लागणारच. रेशनचं धान्य तिला कधी पुरं मिळालं नाही, ऊसतोडीच्या मुकादमानं तिच्या मोळ्या कायम कमीच धरल्या, आणि जवळा बाजारच्या एका कापूस व्यापाऱ्यानं तर हद्दच केली होती. त्या दिवशी सकाळीच दवाखान्यात तिचं वजन झालं होतं. तिनं कापसाचं गाठोडं काट्यावरून ढकललं आणि स्वतःच वर चढून बसली. काटा तिला चार किलोनं कमी दाखवायला लागला.

"सकाळपून दुपारपस्तोर मी वाळून गेले काय रे?" भर बाजारात ती ओरडली तेव्हा भाजीवाल्या बायासुद्धा पाट्या सोडून बघायला आल्या. व्यापाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. तेव्हापासून सिद्धेश्वर धरणाजवळच्या तिच्या तांड्यात मापावरून नीलाबाईशी कुणी वाद घालत नाही.

अशा बाईची पोरगी मिना, भर जानेवारीत, हिमाचलातलं बर्फाचं शिखर चढायला निघाली होती. पहाटे धरणाच्या भिंतीवर पळणारी पोर कॉलेजात गेली, तिथून सह्याद्रीतल्या कड्यांवर चढायला लागली, आणि आता पुण्याच्या एका गिर्यारोहण संस्थेनं तिला मोहिमेत घेतलं होतं. बरंचसं सामान संस्थेनंच वापरायला दिलं होतं. पायथ्याला त्याची तपासणी व्हायची. ज्याच्या सामानात खोट, त्याला तिथूनच घरी धाडायचे.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मिनानं ओसरीवर सतरंजी टाकून सगळं मांडलं. आतून घालायचे अंगाला चिकटणारे कपडे, लोकरीचे मोजे, हातमोज्यांचे दोन जोड, काळा गॉगल, फुगीर जॅकेट. नीलाबाई एकेक वस्तू तळहातावर घेत होती आणि तिच्या कपाळाला आठ्या चढत होत्या. जॅकेट तिनं नुसतं चिमटीत धरलं.

"हे कुरकुऱ्याच्या पुडीवानी वाजून राहिलं. यानं थंडी जाती व्हय?"

"जाती, याडी," मिना हसून म्हणाली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात.

बूट आणि बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते मात्र नीलाबाईला पसंत पडले. ते वजनदार होते. मग तिच्या हातात पपईएवढी एक पिशवी आली. तिच्यातून मिनानं सळसळीत कापडाची एक लांबडी खोळ ओढून काढली. ही म्हणे झोपायची. यात शिरायचं, चेन लावायची आणि बर्फावर रात्र काढायची.

नीलाबाईनं खोळ चाचपली. आत काही हाताला लागेचना. तिनं पुन्हा चाचपली. तेवढ्यात हिंगोलीची गाडी आली, आणि डॉक्टरचा दाखला आणायचा म्हणून मिना तशीच पळाली.

मिना गेली आणि नीलाबाईचं डोकं फिरलं. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत पोर पाठवायची आणि तिला रिकामी गोधडी द्यायची? आतला कापूस कुणीतरी काढून घेतला, हे तर उघडच होतं. आणि तो काढला कुणाच्या गोधडीतला? तांड्यावरच्या पोरीच्या. शहरातल्या पोरींना भरलेल्या दिल्या असतील. तिथं तोंड वर करून बोलणारी आई असते ना!

"आवं, बघा की हे," तिनं नवऱ्यापुढं खोळ आदळली.

मोहनसिंगनं बसल्या जागेवरून पाहिलं. "असल तसंच."

"तुमचं सगळं असंच असतंय!"

तिनं ब्लेड आणलं आणि एका कडेची शिवण टाका टाका करत उसवली. आत आडवे कप्पे होते. पहिल्या कप्प्यात बोटं घातली आणि ती किंचाळायचीच राहिली. कापूस नव्हताच. पिसं होती! हातावर घेतली तर आहेत की नाहीत ते कळू नये अशी, भुरभुरीत. कोंबड्या सोलल्यावर उकिरड्यावर टाकतात, ते पोरीच्या अंगावर घालायला दिलं होतं. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डोकं तिचं शाबूत होतं. तिनं पिसं फेकली नाहीत. खताच्या धुतलेल्या पोत्यात कोंबून तोंड बांधलं. पुण्याच्या संस्थेतल्या ज्या माणसानं हे सामान दिलं, त्याला भर चौकात दाखवायचा पुरावा होता तो.

मग तिनं घरचा पिंजलेला कापूस काढला. पहिल्या वेचणीचा, नवीन गादीसाठी जपून ठेवलेला. कप्प्यामागून कप्पा ती ठासून भरत गेली. दुपार कलेपर्यंत निम्मी खोळ भरून टंच झाली. आता कुठं ती वस्तूसारखी वस्तू दिसायला लागली होती.

मिना दारात आली आणि तिथंच थिजली.

"याडी, काय केलंस हे?"

"भरून राहिले. कोंबडीची पिसं व्हती आत! तुला फशिवलं बाई त्यांनी."

"बदकाची असतात ती! मुद्दाम भरलेली असतात!" मिनाचा आवाज फाटला. "कापूस श्वासाच्या ओलीनं भिजतो, मग त्याचा दगड होतो. अन् एवढं वजन घेऊन मी चढू कशी? उद्या रेल्वे हाय माझी, नांदेडहून. हे बघितलं की खालूनच परत लावतील मला. तुला काय कळतंय गं यातलं?"

नीलाबाईनं सुई खाली ठेवली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. रेशनवाला हेच म्हणाला होता, मुकादमही हेच म्हणाला होता, आणि काट्यावर चढण्याआधी तो व्यापारीसुद्धा.

"बोल," ती म्हणाली. "घरातलं तेवढंच तोंड बोलायचं ऱ्हायलं व्हतं."

मिनाला चूक कळली, पण राग काही ओसरला नाही. तिनं आईला हाताला धरून खाली बसवलं आणि पिसं अजून जागेवर असलेल्या, न उसवलेल्या निम्म्या भागात तिचे पाय घातले. धरणावरून गार वारा सुटला होता. नीलाबाईच्या टाचांच्या भेगा हिवाळ्यात ठणकायच्या.

"गप बसायचं. बोलायचं न्हाई."

नीलाबाई आयुष्यात पहिल्यांदा गप बसली. आधी काहीच झालं नाही. मग बोटं गरम झाली, मग टाचा, मग पोटऱ्या. अंगावर काही घेतलंय असं वाटतसुद्धा नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं पाय बाहेर काढले, पोतं ओढलं आणि भरलेला कापूस मुकाट्यानं उपसायला बसली.

दार-खिडकी लावून मायलेकी पिसं परत भरत होत्या. मोहनसिंग चहाचं विचारायला दार उघडून आत आला तशी मूठभर पिसं थेट पत्र्याला जाऊन लागली.

"दार लावा!" दोघी एकदमच ओरडल्या. तो बिचारा आतच उभा राहिला.

नीलाबाई बारीक टाके घालत होती. असे टाके तपासणाऱ्याच्या बापालाही दिसले नसते. शेवटच्या कप्प्यावर तिचा हात थांबला.

"तुझा भाऊ व्हता, जगन," ती एकदम म्हणाली.

मिनाला भाऊ होऊन गेल्याचं ठाऊक होतं. त्यापुढं घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"ऊस तोडाया गेलतो, तिथं फडावरच वारला तो. उसाच्या पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो, असाच पूस महिना. लेकरू थंडीनं काकडून राहिलं. म्या एक गोधडी टाकली. सासू म्हणली, अजून टाक. अजून टाकली. घोंगडं टाकलं. जेवढं जड तेवढं गरम, असंच ठावं व्हतं आमाला. सकाळी काढली तर लेकरू गारच. त्या वजनाखाली त्याला दम बी घेता आला का न्हाई, कुणाला ठावं."

मोहनसिंगनं भिंतीकडं तोंड केलं. मिना आईजवळ सरकली, पण नीलाबाईनं तिचा हात झटकला. तिला रडायचं नव्हतं. ती चिडली होती, काट्यावर चढून बसली होती त्याहूनही जास्त.

"तवा बी असायची का गं ही चीज?"

"असायची, याडी."

"अन् आमाला कुणी सांगितलं न्हाई. एवढूशी, हातात बी लागत न्हाई असली चीज! डोंगर चढायला जाणाऱ्यासाठी हाय. पोटासाठी जाणाऱ्यासाठी न्हाई." तिनं दातानं दोरा तोडला. "शेजारच्या भिकाबाईची सून गेली ना यंदा ऊस तोडाया कारखान्यावर, कडेवरचं पोरगं घिऊन? निम्मा तांडा कुलूप लावून गेलाय. सांग, त्यांच्या लेकरांच्या अंगावर आज रातीला काय हाय?"

मिना जमिनीवर सांडलेली पिसं एकेक करून वेचायला लागली.

"इचार त्या पुण्याच्या माणसाला," नीलाबाई म्हणाली आणि खोळ तिच्या मांडीवर टाकली. "चढून आलीस की पयलं हेच इचार."