साडूंची स्कीपूजा

जगात पडणारी माणसं पुष्कळ आहेत, पण रीतसर अभ्यास करून पडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. पार्सिपनी नावाच्या अमेरिकन गावात राहतात, विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या आयुष्यातल्या चुका त्या व्हायच्या आधीच शोधून ठेवतात. घरात नवा मायक्रोवेव्ह आला तेव्हा त्याची माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचली, स्पॅनिश भागासकट. का, तर "त्यात काही वेगळं सांगितलं असेल तर?" स्पॅनिश त्यांना ओ की ठो कळत नाही.

दुसरं वेड पूजेचं. जे जे म्हणून हलतं त्याची पूजा झाल्याशिवाय साडू त्याला हात लावत नाहीत. गाडीची काय, सगळेच करतात. ह्यांनी गवत कापायच्या मशीनची केली, घरभर फिरून केर काढणाऱ्या त्या चपट्या रोबोचीही केली. त्याला कुंकू लावलं, हार घातला, आणि तो हार चाकात अडकून रोबोने पहिल्याच दिवशी मान टाकली. "बघ," साडू मला म्हणाले, "पूजा केली होती म्हणून एवढ्यावर निभावलं." ह्या माणसाशी वाद घालणं मी पंधरा वर्षांपूर्वीच सोडून दिलंय.

तर अशा माणसाने गेल्या जानेवारीत बर्फावर घसरायला जायचं ठरवलं, ते त्यांच्या लेकीपायी. सई तेव्हा सतराची, ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला जाणार होती. दोन वर्षं तिच्या खोलीचं दार कायम बंद, आणि बापाशी बोलणं म्हणजे "फाइन" आणि "आय नो", संपलं. ही पोरगी शाळेच्या क्लबमधून स्की करायला शिकली होती. एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "बाबा, विल यू स्की विथ मी? जस्ट वन रन." म्हणजे डोंगरावरून दोघांनी मिळून फक्त एकदा खाली यायचं. साडूंनी ताट तसंच सोडून मला फोन लावला. "अरे, तिने विचारलं! स्वतःहून!" मग काय, तीन आठवडे व्हिडिओ बघणं, वहीत आकृत्या काढणं. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, एकदा धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन बेसमेंटमध्ये गेल्या, तर साडू दोन्ही पायांना पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या बांधून कार्पेटवर गुडघे वाकवून उभे. "अहो, हे काय?" "तोल," साडू म्हणाले, आणि बास्केटवर आडवे झाले.

पेन्सिल्वेनियातलं ते रिसॉर्ट स्वस्तातलं होतं. डोंगर आपल्या पर्वतीपेक्षा थोडा मोठा, बर्फ निम्मा देवाने पाडलेला आणि निम्मा मशीनने. खोलीतला हीटर खोकल्यासारखा आवाज काढायचा, पण ताईंनी इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी टाकल्यावर तेही घरच वाटायला लागलं. मला सोबत म्हणून ओढलं होतं. स्की आम्ही तिथल्याच दुकानातून भाड्याने घेतल्या. सई पुढे जाऊन लिफ्टच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांच्या, रांगेत उभी राहिली, आणि साडू दुकानामागे गुपचूप वळले. जॅकेटच्या एका खिशातून कुंकवाचा करंडा निघाला, दुसऱ्यातून नारळ.

"अहो, भाड्याच्या आहेत त्या!" मी म्हणालो.

"पाय माझेच आहेत ना?"

त्यांनी स्कीवर कुंकू वाहिलं आणि नारळ वाढवायला हात उचलला. अंगावर स्वेटरचे इतके थर, की हात उचलल्याबरोबर सगळा माणूसच कलंडला. नारळ दगडावर फुटला, साडू उताणे, आणि करंडा पालथा होऊन त्यांच्या डोक्याखालचा पांढरा बर्फ लालभडक! कोणीतरी किंकाळी फोडली. मिनिटभरात लाल जॅकेटवाले दोन बचावकर्मी घसरगाडी घेऊन हजर. "सर, डोन्ट मूव्ह युअर हेड!" साडू शांतपणे म्हणाले, "इट इज फॉर द स्कीज." झालं, डोक्याला मार लागल्याची त्यांची खात्रीच पटली. शुद्ध तपासायला एकाने विचारलं, "सर, व्हॉट इयर इज इट?" आता काटेकोर माणूस तो. "बाय विच कॅलेंडर?" साडूंनी विचारलं. पुढच्या क्षणाला त्यांना पट्ट्यांनी बांधून, गळ्याभोवती कॉलर घालून, सगळ्या रिसॉर्टच्या समोरून ओढत नेलं. हातात अर्धा नारळ तसाच. सई धावत आली, पांढरीफटक पडली होती. मी म्हटलं, "अगं, कुंकू आहे ते, कुंकू!" तिने एकदा बापाकडे बघितलं, गॉगल खाली ओढला, "आय कान्ट" म्हणाली आणि वळून एकटीच लिफ्टमध्ये बसून वर निघून गेली.

प्रथमोपचाराच्या खोलीतून अर्ध्या तासाने सुटका झाली. साडू बाकावर बसून राहिले. "लाज आणली रे मी तिला," म्हणाले. "एकच गोष्ट मागितली होती पोरीने." मला हसू येत होतं ते कुठल्या कुठे गेलं. मग ते एकदम उठले. "चल. वर जाऊ."

लिफ्टमधून उतरताना आम्ही दोघंही पडलो, तो भाग सोडून देतो. वर सई कडेला बर्फात बसली होती, रडून नाक लाल झालेलं. "सॉरी, तुझ्या मित्रमैत्रिणींसमोर..." साडूंनी सुरुवात केली. "मित्रमैत्रिणी? हू केअर्स!" ती ओरडली. "आय थॉट यू वेअर डाइंग, बाबा! एवढं रक्त! यू स्केअर्ड मी सो मच!" मग तिने नाक पुसलं, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "लुक ॲट मी. खाली नाही बघायचं."

आणि ती उलटी निघाली. स्वतः पाठमोरी घसरत, तोंड बापाकडे, दोन्ही हात धरलेले. मी आपला स्की खांद्यावर टाकून कडेकडेने चालत उतरलो, म्हणून सगळं बघायला मिळालं. पाच-पाच वर्षांची पोरं त्यांच्या शेजारून सूं सूं निघून जात होती. साडू पडायचे, ती उठवायची, बर्फ झटकायची, परत हात धरायची. आणि सबंध वेळ ती बोलत होती! दोन वर्षांचं सगळं: कुठली टीचर आवडते, कुठल्या मैत्रिणीशी बिनसलं, कॅलिफोर्नियाची कशी भीती वाटते. पाऊण तास लागला. खाली पोचलो तोवर लिफ्ट बंद झाली होती. "इट्स ओके," सई म्हणाली, "नेक्स्ट इयर."

ती ऑगस्टमध्ये गेली. परवा साडूंचा फोन आला, की दर शनिवारी ते एकटेच गाडी काढून त्याच डोंगरावर नवशिक्यांच्या वर्गाला जातात. वर्गात बाकी सगळे सहा वर्षांच्या आतले. सई ख्रिसमसला चार दिवस येणार आहे.

"स्कीला जाऊ म्हणाली का?" मी विचारलं.

"नाही अजून. मैत्रिणींबरोबरही काहीतरी ठरलंय तिचं," ते म्हणाले. "पण म्हणालीच, तर ह्या वेळी तिला उलटं यायला लागू नये रे. तिलाही समोरचं दिसायला पाहिजे ना."